‘डॉट गुड’ कुणी ठरवलं?

टर्मिनलवर काम करणाऱ्या बहुतेकांना ‘सेड’ माहीत असतं. स्ट्रीम एडिटरचं हे लघुरूप. बेल लॅब्जमध्ये ली मॅकमॅहन यांनी १९७३-७४च्या सुमारास ते लिहिलं. काम साधं आहे: मजकूर एका बाजूने ओळीओळीने आत येतो, सांगितल्याप्रमाणे बदलतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. खिडकी नाही, बटणं नाहीत, ‘नक्की ना?’ असं विचारणं नाही. दहा हजार ओळींतला एक शब्द ते क्षणात बदलतं. चुकीचा बदललं, तर तेही तितक्याच शांतपणे.

असं टूल जगभरच्या लाखो स्क्रिप्ट्सच्या पोटात बसलेलं असतं, म्हणून त्याची परीक्षा सतत घ्यावी लागते. जीएनयू सेडच्या सोर्स कोडमध्ये चाचण्यांचं एक फोल्डर आहे. तिथल्या बऱ्याच जुन्या चाचण्यांची रचना एकसारखी आहे. एका फाइलमध्ये मूळ मजकूर, दुसऱ्या फाइलमध्ये सेडच्या सूचना आणि तिसऱ्या फाइलमध्ये अपेक्षित उत्तर. ‘मेक चेक’ म्हटलं की प्रोग्राम चालतो आणि आलेलं उत्तर तिसऱ्या फाइलशी ताडून पाहिलं जातं. एका बाइटचाही फरक पडला तरी नापास.

त्या तिसऱ्या फाइलच्या नावापुढे असतं ‘डॉट गुड’. गुड, म्हणजे चांगलं.

संगणकाला चांगलं-वाईट काही कळत नाही, त्याला फक्त ‘सारखं’ आणि ‘वेगळं’ एवढंच कळतं. चांगलं काय, हे आधीच कुणा माणसाने लिहून ठेवलेलं असतं. ते कशाच्या आधारावर? कधी पॉसिक्स या मानकाच्या. कधी ‘आजवर असंच चालत आलंय’ या परंपरेच्या. आणि कधी प्रोग्रामनेच दिलेलं उत्तर डोळ्यांखालून घालून ‘ठीक दिसतंय’ म्हणत सेव्ह केलेलं असतं. तिन्हींचा निकाल सारखाच हिरवा दिसतो. पण मानकाला मान देणं, सवयीला मान देणं आणि स्वतःच्या नजरेवर विश्वास ठेवणं या तीन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

आधार बदलला की ‘बरोबर’ही बदलतं. फाइल जागच्या जागी बदलायचा सेडचा पर्याय घ्या. बॅकअप फाइलच्या नावाची शेपटी लिनक्सवरच्या जीएनयू सेडला दिली नाही तरी चालते. मॅकवरचं सेड बीएसडी घराण्यातलं, त्याला ती द्यावीच लागते, रिकामी का होईना. एकीकडे चालणारी स्क्रिप्ट दुसरीकडे अडखळते, आणि दोन्ही टूल्स आपापल्या घरच्या परीक्षेत पास असतात.

खरा कस लागतो तो चाचणी नापास झाल्यावर. लाल रंग हिरवा करायला दोन वाटा आहेत: प्रोग्राम दुरुस्त करा किंवा ‘डॉट गुड’ फाइल बदला. दुसरी वाट दरवेळी लबाडीचीच असते असं नाही, कधी कधी अपेक्षाच चुकीची लिहिलेली असते. अडचण ही की बाहेरून दोन्ही वाटा हुबेहूब सारख्या दिसतात. फरक असतो तो फक्त बदल करणाऱ्याच्या कारणात, आणि ते कारण त्याने लिहून ठेवलं तरच इतरांना तपासता येतं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण २०१५ साली उघड झालं. आपली चाचणी चालू आहे हे त्या गाड्यांमधलं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायचं. परीक्षा पास, रस्त्यावरची हवा नापास.

चाचण्यांच्या या जगात प्रामाणिकपणासाठीही जागा ठेवलेली आहे. जीएनयूच्या अनेक प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या ऑटोमेकमध्ये ‘पास’ आणि ‘फेल’शिवाय ‘स्किप’ असाही निकाल असतो. समजा, एखाद्या चाचणीला जपानी भाषेची सेटिंग लागते आणि ती या मशीनवर नाही. मग चाचणी ‘वगळली’ म्हणून नोंदवली जाते. ती पास धरली जात नाही. आणखी एक निकाल आहे: ‘अपेक्षित अपयश’. इथे आम्ही चुकतो हे आम्हाला ठाऊक आहे, असं जाहीर सांगणं. गंमत म्हणजे अशी चाचणी अचानक पास झाली, तर ऑटोमेक तीही गडबड म्हणूनच नोंदवतं. कारण आपण स्वतःबद्दल जे सांगितलं होतं ते आता खरं राहिलेलं नाही. आपल्या बायोडेटात, प्रगतिपुस्तकात, सरकारी अहवालात असे रकाने किती असतात?

आता हा प्रश्न आपल्या लिपीपर्यंत आणू. ‘किल्ला’ या शब्दातलं पहिलं अक्षर काढ, असं यूटीएफ-आठ सेटिंगमध्ये सेडला सांगितलं तर फक्त ‘क’ जातो आणि पहिली वेलांटी निराधार मागे उरते. युनिकोडच्या हिशेबात क आणि वेलांटी ही दोन वेगळी चिन्हं आहेत, त्यामुळे सेडचं काही चुकलेलं नाही. पण पहिलीतल्या मुलाला विचारा, तो ‘कि’ हे एकच अक्षर म्हणेल. या उत्तराची ‘डॉट गुड’ फाइल बनवायला सांगितली तर नियम जाणणारा एक लिहील आणि मराठी वाचणारा दुसरं. दोघंही खरे. मग फाइल लिहायला बसलेलं कोण होतं, हा प्रश्न तांत्रिक उरत नाही.

डाइक्स्ट्रा यांनी सॉफ्टवेअरवाल्यांना पूर्वीच बजावलं होतं की चाचणीने चुका आहेत हे दाखवता येतं, चुका नाहीत हे सिद्ध करता येत नाही. हे मान्य केलं तरी चाचणी लिहिणं व्यर्थ ठरत नाही. चाचणी म्हणजे अनोळखी माणसाला दिलेला मोजका शब्द: निदान एवढ्या बाबतीत तरी मी उद्याही आजच्यासारखाच वागेन. त्या शब्दाची किंमत तो किती मोठा आहे यावर ठरत नाही. तो मोडायची वेळ आली तेव्हा आपण काय बदललं, आणि का बदललं हे लिहून ठेवलं की नाही, यावर ठरते.