धोका नेमका कुठे सुरू होतो?

कारध्याला वैनगंगेची धोक्याची पातळी २४५.५० मीटर. मग २४५.४९ ला काय, निवांत झोपायचं? ग्रीक विचारवंत युबुलिडीसचा पेच हाच: ढिगातला एकेक दाणा काढत गेलो, तर ढीग नेमका कधी संपतो? सेंटिमीटरभर पाण्याने नदी बदलत नाही, कबूल. पण म्हणून रेषाच खोटी, हे मला पटत नाही. कोडमध्येही कुठलातरी आकडा टाकावाच लागतो, नाहीतर अलर्ट कधी जाणारच नाही. मला खुपतं ते वेगळंच. नदीला एक आकडा, आणि काठावरची घरं मात्र वेगवेगळ्या उंचीवर. ऑगस्ट २०२० च्या पुरात भंडाऱ्यातल्या सखल वस्त्या बुडाल्या. ज्याचं घर उतारावर, तो मोबाईलवर मेसेज यायच्या आधीच तांदळाची पोती माळ्यावर चढवू लागतो.