नोंदींचा परिग्रह

फोनमध्ये साठलेले स्क्रीनशॉट, स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवलेले लेख, ‘नंतर वाचू’ म्हणून उतरवून घेतलेल्या पीडीएफ, अर्धवट व्हॉइस नोट्स, या सगळ्याला परिग्रह म्हणायचं का? कामाची शिस्त शिकवणाऱ्या पुस्तकांना हा प्रश्न पडत नाही. फोल्डर कसे लावावेत, टॅग कोणते द्यावेत, एवढ्यावर त्यांचं भागतं. पण ज्या कोल्हापूर जिल्ह्यात जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो आणि अपरिग्रह हे व्रत म्हणून पाळलं जातं, तिथे हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. वरवर पाहता उत्तर सोपं आहे: फायलींना वजन नाही, त्या कोणाच्या तोंडचा घास काढून घेत नाहीत, मग परिग्रह कसला? पण उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची मोजदाद केलेलीच नाही. त्यांनी बोट ठेवलं ते मूर्च्छेवर, म्हणजे ‘हे माझं आहे’ या गुंगीवर. त्या कसोटीला वजन लागत नाही. लेख जतन केला की तो वाचल्याचं, किंबहुना कळल्याचंच समाधान मिळतं आणि माणूस पुढच्या लेखाकडे वळतो. ही गुंगी नाही तर काय?

नोंदी वाईट, असा याचा अर्थ नाही. शाहूवाडी तालुक्यातला विशाळगड त्याला साक्षी आहे. राजाराम महाराज जिंजीला गेल्यावर महाराष्ट्रातला कारभार रामचंद्रपंत अमात्यांनी ‘हुकुमतपन्हा’ म्हणून सांभाळला आणि विशाळगड हे त्यांचं एक मुख्य ठाणं होतं. पत्रं, सनदा, हिशेब, गडागडांवरून येणारी वर्तमानं यांशिवाय तो कारभार एक दिवसही चालला नसता. पुढे 1715 च्या सुमारास करवीर दरबारात जे ‘आज्ञापत्र’ तयार झालं आणि जे त्यांच्याच नावावर आहे, ते मात्र छोटेखानी आहे. त्यात दफ्तराचा गोषवारा नाही, दफ्तर पचवून उरलेली समज आहे. आरमारासाठी लाकूड हवं, पण रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ती झाडं तिने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं, असं तिथे सांगितलं आहे. हे वाक्य कुठल्याही एका कागदातून उचललेलं वाटत नाही. त्यामागे अनेक तक्रारी वाचलेला, वसुलीचे आकडे पाहिलेला आणि त्यावर विचार केलेला माणूस दिसतो. गडावरच्या केराबद्दलही त्यात आज्ञा आहे: तो गडाखाली न टाकता जागोजागी जाळावा, राख परसात घालावी आणि घरोघर भाजीपाला करावा. नोंदींची व्यवस्था म्हणून मला यापेक्षा नेमकी सूचना आढळलेली नाही. साठलेल्यातलं बरंचसं जाळायचंच असतं, पण ती राख आपल्याच परसात पडली पाहिजे.

या पचवण्याचा वेदान्तात श्रवण (ऐकणं), मनन (विचार करणं) आणि निदिध्यासन (सतत चिंतन) असा क्रम आहे. आजची सगळी अ‍ॅप्स पहिल्या पायरीची सोय करतात आणि तिन्ही पायऱ्या चढल्याचा भास निर्माण करतात. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिला समास लेखनक्रियेला दिला. अक्षर, शाई, कागद, समास सोडणं अशा बारीकसारीक गोष्टींचा त्यात विचार आहे, म्हणजे साधनांची हेळसांड त्यांनाही मान्य नव्हती. लगेच पुढचा समास मात्र विवरणाचा आहे. लेखणी नीट ठेवणं आणि लिहिलेलं उकलून पाहणं ही कामं त्यांनी शेजारी-शेजारी ठेवली.

यावर एक आक्षेप भक्कम आहे. अर्थ न कळता वेद पाठ करणाऱ्याला यास्काच्या निरुक्तात ओझं वाहणाऱ्या खांबाची उपमा आहे खरी; पण त्या खांबांनी ओझं वाहिलं नसतं तर सायणाचार्यांनी भाष्य कशावर लिहिलं असतं? इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद जमवले, ते सगळे त्यांनी स्वतः पचवले होते असं कोण म्हणेल? आक्षेप मान्य. दुसऱ्यांसाठी जपलेला साठा हा परिग्रह नव्हे, ती विश्वस्ताची जबाबदारी आहे. मात्र राजवाडे नुसते साठवून थांबले नाहीत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड त्यांनी लोकांसमोर ठेवले आणि त्यांतल्या कित्येकांना विस्तृत प्रस्तावना जोडल्या. आपल्या फोनमधला साठा कोणासाठी राखलेला असतो? पासवर्ड तर आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नसतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांच्या सुमारे 90,000 चिठ्ठ्यांचा दाखला या चर्चेत हमखास दिला जातो. तो माझ्याच बाजूचा आहे. त्यांच्या चिठ्ठ्या म्हणजे नुसती कात्रणं नव्हती. वाचलेल्यावर स्वतःच्या शब्दांत लिहून त्या एकमेकींशी जोडलेल्या होत्या.

आता सारांश काढून देणारी यंत्रं आली आहेत, तेव्हा मननही त्यांच्यावर सोपवावं, असं कोणी म्हणेल. सारांश जरूर घ्यावा, वेळ वाचतो. पण मननाने बदलायचा असतो तो मनन करणारा, मजकूर नव्हे. ते काम मुखत्यारपत्र देऊन उरकत नाही.

विशाळगडावर लिहू पाहणाऱ्या शाहूवाडीतल्या एखाद्या शिक्षकाने कोल्हापूरच्या पुरालेखागारातल्या मोडी कागदांचे शेकडो फोटो काढून ठेवले असतील आणि लेख होत नसेल, तर त्याने नवं अ‍ॅप शोधू नये. एक फोटो उघडावा, तो कागद पूर्ण वाचून लावावा आणि तो का महत्त्वाचा वाटतो ते खाली चार ओळींत स्वतः लिहावं. बाकीचे फोटो पुसले तरी बिघडत नाही. मूळ कागद पुरालेखागारात आहेत.