तळघरातील चैतन्य

मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत केली, आणि धर्मपंथांच्या इतिहासाला परिचित असलेला प्रश्न ऐहिक वेषात पुन्हा उभा राहिला : व्यवस्थेबाहेर जन्मलेल्या चैतन्याचे रक्षण व्यवस्थेला करता येते काय? टेक्नो, म्हणजे ड्रम-मशीन व सिंथेसायझर यांवर रचलेले, एकाच ठेक्याच्या अखंड आवर्तनाचे नृत्यसंगीत, १९८०च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय तरुणांनी घडवले. बर्लिनमध्ये ते रुजले १९८९ मध्ये शहराला दुभागणारी भिंत पडल्यावर, कारण शहराच्या पूर्व भागातील अनेक इमारती तेव्हा ओस होत्या आणि त्यांच्या मालकीचा निवाडा व्हायचा होता. १९९१ मध्ये 'ट्रेझोर' हा क्लब वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात, तिजोरीच्या दालनात सुरू झाला.

समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी चैतन्याच्या व्यवस्थेत होणाऱ्या अवस्थांतराला 'करिश्म्याचे नित्यीकरण' म्हटले, म्हणजे संस्थापकाच्या ठायी असलेली असाधारण शक्ती पुढे पदे, नियम व उत्पन्न यांत मुरत जाणे. टेक्नोला ही उपपत्ती जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण येथे ती शक्ती अंधारात एकत्र नाचणाऱ्या समुदायात वसत होती. डेट्रॉइटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या गटाचे माइक बँक्स चेहरा झाकूनच लोकांसमोर येत, आणि कलावंताला देव्हाऱ्यात बसवण्यास त्यांचा असलेला विरोध त्यातून स्पष्ट होई.

मग टिकवायचे ते काय? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो : पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच नव्हे, आणि सर्वस्वी वेगळीही नव्हे. शासनाला तरतूद करता येते ती तेलाची आणि वातीची, म्हणजे जागा, ध्वनिनियम, कर यांची. आणि ही तरतूद क्षुल्लक मानणे हा केवळ भाबडेपणा होईल, कारण ट्रेझोर २००५ मध्ये जमीन विकली गेल्याने बंद पडला आणि २००७ मध्ये एका जुन्या वीजकेंद्रात पुन्हा उघडला, तर २०१६ मध्ये 'बेर्गहाइन' क्लबच्या प्रवेशशुल्काला करन्यायालयाने सवलतीचा दर मान्य केला. परंतु मालकीची जी अनिश्चितता या संस्कृतीची जननी ठरली, ती कोणत्याही कायद्याला मुद्दाम घडवता येत नाही. शिवाय वारसा म्हटला की वारसदार ठरवावे लागतात. सूचीत नाव बर्लिनचे लागले, आणि ट्रेझोरच्याच ध्वनिमुद्रण संस्थेची पहिली तबकडी मात्र डेट्रॉइटच्या माइक बँक्स व त्यांच्या सहकाऱ्यांची होती.