वेग आणि फलासक्ती

चंदीगडच्या रुंद, सरळ मध्यमार्गावर मोटारसायकल भरधाव नेणाऱ्या एका तरुणाने मला विचारले, "पंडितजी, वेगाचा उच्चांक मोडू पाहणे हा दोष आहे काय?" मी त्यास बर्ट मन्रो यांची हकीकत सांगितली.

न्यूझीलंडच्या या गृहस्थांनी १९२० साली घेतलेली 'इंडियन स्काउट' मोटारसायकल आयुष्यभर स्वहस्ते सुधारली. १९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनेव्हिलच्या मिठाच्या ओसाड मैदानावर त्यांनी आपल्या वर्गातील उच्चांक केला. १९७८ साली ते निवर्तले. पुढे २०१४ साली, त्यांच्या मुलाने हिशेबातील चूक दाखविल्यावर, आकडा वाढून ताशी १८४.०८७ मैल झाला. सत्तेचाळीस वर्षे फळ अपुरे नोंदले गेले. म्हणून कर्म उणे ठरले काय? श्रम त्यांच्या अधीन होते, आकडा नव्हता.

गीतेच्या अठराव्या अध्यायातील सात्त्विक कर्ता धैर्याने व उत्साहाने युक्त असतो. सिद्धी-असिद्धीने तो डळमळत नाही. तेव्हा उत्साह त्याज्य नव्हे. परंतु परपीडेचा विचार न करता आरंभिलेल्या कर्मास तोच अध्याय तामस म्हणतो. मन्रो यांनी ओसाड मैदानावर स्वतःचाच प्राण पणाला लावला. लोकांची मुले जो रस्ता ओलांडतात, तेथे तोच वेग पुरुषार्थ राहत नाही.

तरुण निरुत्तर झाला. जाताना गाडी मात्र सावकाश नेली.