परिषद आणि पर्वत

विद्वत्परिषदेच्या निमित्ताने परदेशी जावयाचे आणि जाता-येता तेथील डोंगर-सरोवरेही पाहून घ्यावयाची, यात काही गैर आहे काय? प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. पण ज्याच्या तिकिटाचे पैसे विद्यापीठाने दिले आहेत, त्याला तो विचारून पाहावा. उत्तर देताना तो बहुधा आवाज खाली आणतो. आणि हा खाली आलेला आवाजच मला विचार करण्याजोगा वाटतो.

अशा जोडकामाचे आपल्याकडे वावडे कधीच नव्हते. मुलीसाठी स्थळ पाहावयास नाशिकला गेलेला बाप गोदास्नान व त्र्यंबकेश्वर उरकूनच परतत असे, आणि त्यास कोणी नावे ठेवीत नसे. खर्च त्याचा स्वतःचा, आणि सारे सांगूनसवरून केलेले. परिषदेस जाणाऱ्याचे पैसे मात्र दुसऱ्याचे. तेव्हा आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्याच्या आरोपाची त्याला धास्ती असते.

अशा वेळी चंद्रशेखर वेंकट रामन यांचा दाखला पुढे करण्यात येतो. १९२१ साली ते कलकत्ता विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून ऑक्सफर्ड येथील परिषदेस गेले होते. परतताना ‘नारकुंडा’ बोटीवरून त्यांनी भूमध्य समुद्राची निळाई पाहिली, आणि ती केवळ आकाशाचे प्रतिबिंब होय, हे लॉर्ड रॅले यांचे मत त्यांना पटेना. जवळच्या निकोल लोलकाने त्यांनी पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश वगळून पाहिला. निळाई तशीच राहिली. तो धागा पुढे १९२८ च्या रामन-परिणामापर्यंत पोहोचला. या दाखल्याचा आधार घेणाऱ्याने आपल्या खिशात लोलक आहे की नुसता कॅमेरा, हे आधी चाचपावे! परंतु पाहणाऱ्याने दर वेळी काही उपयोग सिद्ध केलाच पाहिजे, हा हट्टही मला कद्रूपणाचा वाटतो. रामन यांना काहीच सापडले नसते, तरी त्या समुद्राकडे पाहणे गैर ठरले नसते.

खरा पेच पाहण्याचा नसून साहसाचा आहे. जिनीव्हाच्या परिषदेस गेलेल्या मनुष्यास शामोनीची ओढ न वाटली तरच नवल. ते गाव तेथून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, फ्रान्सच्या हद्दीत. गावातून रोपवेच्या पाळण्यात बसावे, की वीसेक मिनिटांत ३८४२ मीटर उंचीच्या एग्विय द्यू मिदी या सुळक्यावर. समोर माँ ब्लाँ. एवढ्याने फार तर धाप लागेल. पण तेथून बर्फावर उतरावयाचे, तर हिमनदीतील भेगा वरच्या बर्फाने झाकलेल्या असतात. वाटाड्यासह, एकमेकांस दोराने बांधून घेऊनच चालावे लागते. येथे मनुष्य केवळ स्वतःचा जीव पणाला लावतो असे म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी निबंध वाचावयाचा असेल, तर ज्यांनी विश्वासाने पाठविले त्यांचे कामही त्याच दोराला लटकलेले असते. निबंध वाचून झाला म्हणजे ते ओझे उतरते. घरच्यांचे तेवढे उरते; पण ते काही परदेशातच असते असे नव्हे.

शिवाय मागे त्याचे वर्ग कोणी सहकारी घेत असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वाढीव रजेच्या अर्जात ‘प्रवासातील विश्रांती’ असे कारण देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. ‘आल्प्स पाहावयाचे आहेत’ असे लिहिणारा एकच भेटला. त्याची रजा बिनपगारी मंजूर झाली. आणि परतल्यावर शिक्षकांच्या खोलीत त्याने आपली छायाचित्रे सर्वांसमक्ष, जरा जास्तच वेळ, दाखविली.