गंज निघतो

सिंगापूरच्या बेडोकमध्ये समुद्र जवळ, हवा बारमाही दमट. गावाहून आणलेला आजोबांचा रंधा इथे बघता बघता गंजतो. म्हणून तो भंगारात का जावा? पातं सोडवून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा. मग ओल्या दगडावर, एकाच कोनात, सावकाश धार लावा. मागच्या बाजूला बोटाला बारीक खरखर जाणवली, की धार टोकापर्यंत पोचली. ती खरखर पातं उपडं टेकवून अलगद काढायची. शेवटी तेलाचा हात. याच शहरात २०१४ पासून ‘रिपेअर कोपीतियाम’चे स्वयंसेवक लोकांना दुरुस्ती शिकवतात. फार मोलाचं काम आहे हे. तुमच्या माळ्यावरचं गंजलेलं हत्यार या रविवारी खाली काढाच!