लपविलेली दया

शास्त्रवाचन : १ शमुवेल १:९-१८, नीतिसूत्रे १२:१०, १ करिंथ ६:१९-२०



संडे स्कूलमध्ये आम्ही मुलांना दहा आज्ञा शिकवितो. मुले त्या तोंडपाठ म्हणतात आणि आम्हांला समाधान वाटते. पण एखाद्या मुलाने विचारले, "मार खाणाऱ्या मुक्या जिवाला वाचविण्यासाठी मी खोटे बोललो तर?" तर आम्ही काय उत्तर देणार?

अमेरिकन लेखिका फिलिस रेनॉल्ड्स नेलर यांच्या ‘शायलो’ या बालकादंबरीत हाच प्रश्न आहे. ती १९९१ साली प्रसिद्ध झाली व १९९२ साली तिला न्यूबेरी पदक मिळाले. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या ११ वर्षांच्या मार्टीला एक भेदरलेला कुत्रा भेटतो. शायलो नावाच्या जुन्या शाळेजवळ तो सापडला, म्हणून मार्टी त्याला तेच नाव देतो. पवित्र शास्त्रातील ‘शिलो’ तो हाच शब्द. कुत्र्याचा मालक जड ट्रॅव्हर्स त्याला लाथा मारतो, उपाशी ठेवतो. मार्टीचे वडील प्रामाणिक गृहस्थ. ज्याची वस्तू त्याला परत दिली पाहिजे, असे सांगून ते कुत्रा परत नेऊन देतात. पण तो पुन्हा पळून येतो, आणि मार्टी त्याला टेकडीवर कुंपण घालून लपवितो.

येथून खोट्याची साखळी सुरू होते. आपल्या ताटातले अन्न चोरून राखावे लागते. जड विचारावयास येतो तेव्हा मार्टी असे बोलतो की शब्द खरे, पण हेतू फसविण्याचा. तो येशूलाच विचारतो की, प्रामाणिक राहून या जिवाला पुन्हा छळात पाठवू, की जवळ ठेवून सांभाळू? शेवटी आईला ते गुपित कळते. ती ओरडत नाही; त्याचे ऐकून घेते आणि एका रात्रीची मुदत देते. त्याच रात्री एक मोठा कुत्रा कुंपणावरून उडी मारून शायलोला फाडतो. रक्षणासाठी घातलेल्या कुंपणातून त्या बिचाऱ्याला पळताही येत नाही.

मित्रहो, मार्टीची दया खोटी होती काय? मुळीच नाही. नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाकडे लक्ष देतो, असे शलमोन सांगतो. ती दया देवाचीच होती. पण लपविलेली दया दुबळी असते. मार्टी पुढे उघडपणे जडच्या दारी जाण्यास निघतो, तेव्हाच कथेला वळण लागते. बंदीच्या काळात जडने हरिणी मारलेली त्याला वाटेत दिसते. त्याविषयी गप्प राहण्याच्या व २० तास मजुरी करण्याच्या बोलीवर तो कुत्रा मागून घेतो. करार पक्का नाही, असे जड हिणवितो, तरी मार्टी कष्ट सोडीत नाही. शेवटी जड स्वतःच कुत्र्याचा पट्टा त्याच्या हाती देतो. लहानपणी बापाचा मार खाल्लेला हा माणूस थोडा तरी विरघळतो.

मार्टीच्या सौद्यात डाग आहे, हे आम्ही झाकणार नाही. मौन विकून त्याने न्याय दडविला. निष्कलंक किंमत एकाच्याच हातून भरली गेली. आमचा प्रभू आम्हांला लपवून वाचवीत नाही. तो भरदिवसा वधस्तंभाकडे चालत गेला आणि आपल्या रक्ताने त्याने आम्हांला विकत घेतले. प्रीती उजेडात येते आणि किंमत भरते, हे मुलांना तेथूनच शिकवावे.

शिक्षकांनो, आता शास्त्रातील शिलो आठवा. तेथे हन्ना मनातल्या मनात आक्रोश करीत होती आणि वृद्ध याजक एली याला ती मद्य प्यालेली वाटली. पण त्याने तिचे ऐकले, तेव्हा त्याच्या मुखातून आशीर्वाद निघाला. आपल्या वर्गातही कुणी मूल काही लपवीत असेल. घरातला मार, मित्राचे दुःख किंवा गोठ्यामागे ठेवलेले जखमी पिल्लू. आज्ञा त्याला पाठ आहे. ते गुपित कोणाजवळ बोलावे, एवढेच त्याला ठाऊक नाही. आपण आधी रागे भरलो, तर ते आणखी उंच कुंपण घालील. येत्या रविवारी वर्ग सुटल्यावर पाच मिनिटे थांबा आणि रेंगाळणाऱ्या मुलाचे ऐका.

हे प्रभो, लेकरांच्या दयेला उजेडात येण्याची वाट आमच्याद्वारे मोकळी कर. आमेन.